पाटोळेकाका वर्गात येतात

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत बरीच वर्षं मला विमा एजंट समजत असत. यात त्यांची काही चूक नव्हती. सुती साडी, खांद्याला मोठी पर्स, पायात जाड तळव्याच्या चपला. सकाळी दहाला बाहेर, दुपारी जेवायला घरी, चारला पुन्हा बाहेर, आणि रोज वेगळ्याच कुणाच्या तरी दारात. दुसरा कोणता धंदा असणार? शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. म्हणाल्या, "अहो, तुमची ती पॉलिसी मेल्यावरच मिळते, की आधीपण काही हाताला लागतं?" मी म्हटलं, "दोन्ही आहे काकू. आणि हप्ता आधीच भरून झालाय." काकू पिशवी खाली ठेवून बराच वेळ विचार करत उभ्या होत्या.

मी चर्चची सेविका होते. आता निवृत्त आहे. म्हणजे पगार थांबलाय, काम तसंच आहे. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत चर्चच्या सभासदांना मिळून मंडळी म्हणतात. मंडळीचे पाळकसाहेब रविवारी उपदेश करतात, बाप्तिस्मे देतात, लग्नं लावतात, अंत्यविधी करतात. यातून जे उरतं ते सेविका करते, आणि उरतं ते फार असतं. कुणाच्या सासूला दवाखान्यात ठेवलंय, कुणाचा मुलगा दोन महिने चर्चला दिसला नाही, कुठल्या घरात नवरा-बायको एका छताखाली राहून व्हॉट्सॲपवर बोलतात, ही सगळी माहिती सेविकेला असावी लागते आणि ती तिनं कुणाला सांगायची नसते. पुण्यात राहून हे किती अवघड आहे, ते पुणेकरच जाणतील.

या कामाच्या काही खाचाखोचा आहेत. भेटीला गेल्यावर टीव्हीकडे तोंड करून बसू नये, नाहीतर आपणच मालिकेत अडकतो. दाराबाहेर पाहुण्यांच्या चपला दिसल्या तर बेल न वाजवता मागे फिरावं. आणि प्रार्थनेला डोळे मिटण्याआधी गॅसवर काय आहे ते विचारून घ्यावं. मी एकदा ऐन प्रार्थनेत पवित्र शांतीची मागणी करायला आणि कुकरच्या चार शिट्ट्या व्हायला एकच गाठ पडली होती. घरची बाई डोळे मिटूनच उठली, गॅस बंद करून आली आणि "आमेन" म्हणाली. प्रार्थना माझी अर्धीच झाली होती. पण आमेन झाल्यावर पुढे बोलता येत नाही.

प्रार्थनेच्या मागण्याही नाना तऱ्हेच्या. एका बाईंनी सुनेची नागपूरला बदली व्हावी म्हणून प्रार्थना करायला सांगितली. मी विचारलं, "आणि मुलाची?" त्या म्हणाल्या, "त्याची कशाला? तो इथंच बरा आहे." मी दोघांना एकत्र ठेवण्याची प्रार्थना केली, तर त्या सहा महिने माझ्याशी बोलल्या नाहीत.

या धंद्यात माल दिसत नाही, ही मोठी अडचण. शिंप्याचा सदरा दिसतो, सुताराची खुर्ची दिसते. आमचं काम माणूस आतून बदलण्याचं. बदलणारा देव, आम्ही नुसते हाताखालचे. पण बदललं की नाही, हे कळायचं कसं? ताप मोजायला थर्मामीटर आहे, यासाठी काही नाही. आमच्या प्रार्थनासभांत माणसं उभं राहून साक्ष देतात, म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते सांगतात. "मी पूर्वी फार रागीट होतो, आता पूर्ण बदललोय," असं कुणी म्हणालं की मी त्याच्याकडे बघत नसे, त्याच्या बायकोकडे बघत असे. ती पदराशी चाळा करत खाली बघत असेल, तर समजायचं की काम अजून चालू आहे. साक्ष माइकवर ऐकावी आणि बदल स्वयंपाकघरात बघावा, हा माझा अनुभव.

आणि आता पाटोळेकाका.

सॅम्युएल पाटोळे आमच्या मंडळीचे जुने कमिटी मेंबर. उंच, शिडशिडीत, पांढऱ्या शर्टाची इस्त्री कधी मोडलेली नाही. सगळी नोकरी एका कारखान्याच्या तपासणी खात्यात झाली. पट्ट्यावरून माल यायचा आणि पाटोळेकाका त्यातला खोटा माल बाजूला काढायचे. निवृत्तीनंतर त्यांनी तेच काम चर्चमध्ये सुरू केलं. चर्चच्या दाराशी त्यांनी स्वतः रंगवून घेतलेली पाटी आहे : "उपासना साडेआठला सुरू होते. आपण केव्हा होता?" खाली दुसरी : "मोबाइल बंद करावा. देव त्यावर बोलत नाही." पोरं त्यांना टरकून असत. कमिटीच्या सभेत ते उभे राहिले की पाळकसाहेब आपोआप खुर्चीत सरळ बसत. त्यांच्या पत्नीला, लीलाताईंना, मी एकदा विचारलं होतं, "काय ताई, एवढ्या वर्षांत काकांच्यात काही बदल?" त्या म्हणाल्या, "यांच्यात? हे जन्मतःच पूर्ण आहेत. देवाला काही कामच ठेवलं नाही."

त्यांचं सगळ्यात मोठं काम महिन्याच्या पहिल्या रविवारी असे. त्या दिवशी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. माणसं बाकांवरून उठून रांगेनं वेदीपाशी जातात, गुडघे टेकतात आणि भाकरीचा तुकडा व द्राक्षरसाचा घोट घेतात. हे कुणालाही घेता येत नाही. आमच्याकडे बाप्तिस्मा तान्हेपणी होतो. तेव्हा मूल झोपलेलं असतं नाहीतर रडत असतं, त्याचं मत कुणी विचारत नाही. मग चौदा-पंधराव्या वर्षी त्यानं काही महिने वर्गाला बसून शिकायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं की आईबापांनी धरलेला विश्वास आता माझाही आहे. बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. याला म्हणतात दृढीकरण. ते झालं की मग प्रभुभोजन. ही अट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्या एका तुकड्यापाशी अडलेली आहे.

पाटोळेकाका मधल्या वाटेत उभे राहून एकेक बाक सोडत. हात वर म्हणजे थांबा, हात पुढे म्हणजे या. एखादा कोवळा चेहरा दिसला की हळूच पण सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारत, "दृढीकरण झालंय?" नसलं तर परत बाकावर.

दृढीकरणाचा वर्ग मी घेत असे. दर शनिवारी संध्याकाळी, चर्चमागच्या हॉलमध्ये. पूर्वी पोरं पाठांतर करून येत. आताची इंग्रजी शाळेतली, मराठी वाचताना जोडाक्षराशी ठेचकाळतात. "दहा आज्ञा सांग," म्हटल्यावर एकानं मला विचारलं होतं, "आंटी, टॉप फाइव्ह चालतील?" आणि खरं सांगायचं तर यातली निम्मी पोरं दृढीकरण झाल्यावर चर्चला दिसत नाहीत, एकदम लग्नालाच उगवतात. त्यांचं मला वाईट वाटतं, अजूनही वाटतं. शिकवताना आपण काहीतरी राखून ठेवलं का, असं मनात येतं.

तर अशाच एका पहिल्या रविवारी गायकवाडांची नवी सून चर्चला आली. स्नेहल तिचं नाव. आयटीत नोकरी, माहेर कात्रजच्या पुढे. तिचे आईवडील एका छोट्या मंडळीत जातात. त्यांचं चर्च म्हणजे भाड्याचा हॉल. तिथं बाप्तिस्मा मोठेपणीच होतो, तोही पाण्यात पूर्ण बुडवून, आणि दृढीकरण नावाचा प्रकार त्यांच्याकडे नसतो. आमच्याकडे ते लागतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती सासूच्या मागोमाग सरळ रांगेत आली. पाटोळेकाकांचा हात वर झाला.

"आपलं दृढीकरण कुठं झालं?"

"माझा बाप्तिस्मा झालाय काका."

"बाप्तिस्म्याचं विचारलं नाही मी."

सगळं चर्च गाणं म्हणत होतं, आणि गाता गाता सगळं चर्च बघत होतं. स्नेहल परत फिरली. सासूचा चेहरा पडला. ही मात्र बाकावर ताठ बसून उरलेलं गाणं म्हणत राहिली, आणि उपासना संपल्यावर सगळ्यांदेखत पाटोळेकाकांसमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता फटाके. आयटीतली मुलगी आहे, सोडायची नाही.

ती आम्हा ख्रिस्ती लोकांच्या रीतीनं म्हणाली, "सलाम काका. सॉरी, मला रूल माहीत नव्हता. हे कुठं शिकायचं असतं?"

काकांनी नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं. पुढच्या शनिवारपासून स्नेहल माझ्या वर्गाला येऊ लागली. शेंबड्या पोरांच्या मध्ये बसायची आणि न लाजता प्रश्न विचारायची.

मी चर्चमध्ये नेहमी मागच्या बाजूच्या बाकावर बसते. तिथून माणसांच्या पाठी दिसतात, आणि पाठी चेहऱ्यापेक्षा कमी खोटं बोलतात. पुढच्या महिन्यात माझ्या लक्षात आलं की पाटोळेकाका सगळे बाक सोडतात, शेवटी स्वतः पुढे जायची वेळ आली की चष्मा पुसायला लागतात. चष्मा पुसून होतो तोवर शेवटचं गाणं सुरू झालेलं असतं. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. एवढा मळकट चष्मा कुणाचा नसतो.

मग एके दिवशी ते आमच्या घरी आले. तेही दुपारी दोन वाजता. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, पुण्यात दुपारी दोनला कुणाच्या घराची बेल फक्त आग लागल्यावर वाजवतात. आमचे हे झोपेतून उठून दार उघडायला गेले आणि पाटोळेकाकांना बघून म्हणाले, "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही. बाई आहेत का?"

मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. काका तिथंच स्टुलावर बसले. पाणी प्यायले. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "बाई, माझं दृढीकरण झालेलं नाही."

मला वाटलं, ऊन लागलं असावं.

पण त्यांनी सगळं सांगितलं. गाव नगरकडचं. तेव्हा बिशपसाहेब गावाला कधीतरी काही वर्षांनी यायचे. ते आले त्या रविवारी सॅम्युएलला गोवर निघालेला. घरात अंधाऱ्या खोलीत पडून त्यानं बाहेरची गाणी ऐकली. बरा झाला तशी पुण्याला मामांकडे शिकायला रवानगी झाली. इथं पहिल्याच प्रभुभोजनाला मामांनी कोपरानं ढोसलं, "चल, ऊठ." एवढ्या लोकांत 'माझं झालेलं नाही' म्हणायची लाज वाटली. पोरगा उठला आणि गेला. पुढच्या वर्षी करू, त्याच्या पुढच्या वर्षी करू, असं करता करता लग्न झालं, पोरं झाली, त्या पोरांची दृढीकरणं झाली आणि हे कमिटीवर आले.

"मग आता काय झालं?" मी विचारलं.

"ती पोरगी मागं वळली ना त्या दिवशी, तिच्यानंतर मी पुढं गेलो. तुकडा घेतला. गिळता येईना, बाई. तोंडात तसाच धरून जागेवर येऊन बसलो. तेव्हापासून घेतलेलं नाही." मग एकदम कमिटी मेंबरच्या आवाजात म्हणाले, "तुम्ही मला गुपचूप शिकवा. बिशपसाहेबांना मी भेटतो. बंगल्यावर करून टाकतील. कुणाला कळायचं कारण नाही. लीलालासुद्धा."

मी शिकवायला सुरुवात केली. शिकवायला म्हणजे काय, त्यांना सगळं तोंडपाठ. मतांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो त्याचं कबुलीवचन, तो पाठ, आज्ञा पाठ, संस्कारांची व्याख्या पाठ. एके ठिकाणी मीच चुकले तर त्यांनी मला दुरुस्त केलं. दोन-तीन दुपारी अशा गेल्या. मला कळेना, या माणसाला शिकवायचं तरी काय? मग एक दिवस मी मेथीची जुडी त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "हे निवडता निवडता सांगा. प्रभूच्या प्रार्थनेत क्षमेची ओळ येते, ती म्हणताना तुमच्या डोळ्यांपुढे कुणाचं तोंड येतं?"

ते निवडू लागले. मेथीही त्यांनी तपासणी खात्यासारखीच निवडली, पिवळं पान म्हणून एक सुटलं नाही. जुडी संपली.

शेवटी म्हणाले, "माझ्याकडे कुणी माफी मागायला येत नाही."

"आणि तुम्ही कुणाकडे जाता?"

"मला कधी गरज पडली नाही."

हे बोलून त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. मला त्या क्षणी त्यांची फार दया आली. सत्तरी उलटलेला माणूस, हयातभर देवाच्या दारात उभा, आणि एकदाही आत जाऊन टेकला नाही. पण दया आली म्हणून सोडायचं नसतं. मी म्हटलं, "काका, इथं माझ्याकडे शिकण्यासारखं तुमचं काही राहिलेलं नाही. वर्ग शनिवारी सहाला असतो. हॉलमध्ये."

"तिथं ती पोरगी असते."

"असते ना."

"आणि ती सगळी कार्टी असतात. त्यांना मी दर रविवारी दटावतो."

"त्यांनाही बघू दे."

काका उठले. चेहरा लाल झाला होता. "बाई, माझी अब्रू घालवायची आहे का तुम्हाला? पन्नास वर्षं या मंडळीत मान खाली घातली नाही मी."

"तेच म्हणतेय मी," मी म्हटलं. "त्याशिवाय बिशपसाहेब हात कुठं ठेवणार?"

ते चहा न घेता निघून गेले. आमचे हे आतून म्हणाले, "घालवलास माणूस." मलाही तसंच वाटलं. रात्री भाजीत मीठ दोनदा पडलं. दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांचा फोन. पाटोळे त्यांच्याकडे जाऊन आले होते. पाळकसाहेब तरुण, भला माणूस, भांडणाला घाबरतो. म्हणाले, "बाई, बिशपसाहेब तयार आहेत. बंगल्यावर पाच मिनिटांत उरकतील. वयस्क माणूस आहे, कशाला तमाशा?"

मी म्हटलं, "उरकायचंच असेल तर उरका साहेब. पण मग त्या पोरीला दहा माणसांसमोर मागे फिरवलं, ते कुणाच्या बंगल्यावर उरकायचं?" पाळकसाहेब हॅलो, हॅलो म्हणाले. आवाज येत नसल्याचा बहाणा त्यांना चांगला जमतो.

शनिवार आला. मी हॉलवर पोचले तर पोरं खुर्च्यांवर पसरलेली, स्नेहल पर्समधून चिक्की काढून वाटत होती. सहाला दोन मिनिटं कमी असताना दार उघडलं. पांढरा शर्ट, इस्त्री जिथल्या तिथं. पोरं ताडकन सरळ झाली. एकानं मोबाइल बुडाखाली सरकवला. एकीनं चिक्की चावायची थांबवली.

"बसा, बसा. मी तपासायला आलेलो नाही," पाटोळेकाका म्हणाले.

कुणाचाच विश्वास बसला नाही. ते हॉलच्या मध्यावर येऊन उभे राहिले. मग स्नेहलकडे बघून म्हणाले, "पोरी, त्या दिवशी मी तुला सगळ्यांसमोर मागं पाठवलं. माझंही दृढीकरण झालेलं नाही."

नववीतला आर्यन, ज्याला काकांनी आदल्याच रविवारी च्युइंगगमवरून बाहेर काढलं होतं, तो म्हणाला, "अंकल, सीरियसली? म्हणजे एवढी वर्षं विदाउट तिकीट?"

"हो," काका म्हणाले. "आणि टीसी मीच."

पहिल्यांदा स्नेहल हसली. मग पोरं हसली. मग मी हसले. काका हसले नाहीत, पण त्यांचे खांदे जरा खाली आले. ते तिला म्हणाले, "माझं चुकलं. मला माफ कर." हे शब्द त्यांच्या तोंडाला इतके नवीन होते की त्यांनी ते परक्या भाषेतले असल्यासारखे एकेक करून उच्चारले. स्नेहलनं शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली. म्हणाली, "बसा काका. इट्स ओके. माझी पण पाठांतराची बोंबच आहे."

त्यानंतरचे महिने माझ्या नोकरीतले सगळ्यात मजेचे. काका पोरांना मतांगीकार पाठ करून देत, आणि पोरं काकांना प्रश्न विचारायला शिकवत. देवानं डास का केले, या प्रश्नावर एक अख्खा शनिवार गेला. काकांनी शेवटी 'मला माहीत नाही' असं म्हटलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. पण सोपं नव्हतं. आमच्याकडे दृढीकरणाच्या उमेदवारांची नावं आधीचे काही रविवार उपासनेत वाचतात. पाळकसाहेबांनी वाचलं, "आर्यन, रिया, जोएल, सौ. स्नेहल गायकवाड, आणि श्री. सॅम्युएल पाटोळे." चर्चमध्ये अशी कुजबुज उठली की पेटीवाला सूर विसरला. कमिटीत एकानं, ज्याचा मुलगा काकांनी कधीतरी रांगेतून परत पाठवला होता, उभं राहून व्याजासकट हिशेब चुकता केला. बोलू नये ते बोलला. काका ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, "खरं आहे तुमचं." त्यांनी कमिटीचा राजीनामा दिला. त्या दिवशी घरी जाताना ते फार थकलेले दिसले. मला वाटलं, आता नाही येणार. शनिवारी सहाला दोन मिनिटं कमी असताना दार उघडलं.

लीलाताईंना मी विचारायच्या आधी त्यांनीच मला गाठलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, काल चहात साखर कमी होती. हे काही बोलले नाहीत. उठले, डबा घेतला, स्वतःच्या कपात घातली आणि मला म्हणाले, तुला हवी का? मला भीतीच वाटली. डॉक्टरला दाखवू का?" मी म्हटलं, नका दाखवू, बरे होताहेत. दाराशेजारच्या त्या पाट्या मात्र त्यांनी काढल्या नाहीत. माणूस बदलतो, पुणेकर बदलायला वेळ लागतो.

दृढीकरणाच्या रविवारी पोरी पांढऱ्या फ्रॉकमध्ये, पोरं पांढऱ्या शर्टात, स्नेहल पांढऱ्या साडीत. काकांना वेगळं काही करावं लागलं नाही, त्यांचा रोजचाच शर्ट. मी मागच्या बाकावर. काका बिशपसाहेबांपुढे गुडघे टेकून बसले तेव्हा त्यांचं टक्कल मला पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं तो माणूस मान खाली घालतच नव्हता, दिसणार कुठून? बिशपसाहेबांचे दोन्ही हात त्यावर टेकले. वयानं ते काकांपेक्षा बरेच लहान असतील, पण काका तेव्हा आर्यनच्या शेजारी आर्यनएवढेच दिसत होते.

मग प्रभुभोजन. नव्यानं दृढ झालेले आधी जातात. काका आणि स्नेहल शेजारी शेजारी टेकले. काकांनी ओंजळ पुढे केली, तुकडा घेतला, तोंडात टाकला. त्यांच्या मानेवरची शीर हलली. गेला तुकडा खाली. मी पदर डोळ्यांना लावला, आणि कुणी बघतंय का, याची पर्वाही केली नाही.

पोरं उठून परत निघाली. काका उठले नाहीत. मला वाटलं, प्रार्थना करताहेत. रांग थांबली. पाळकसाहेब अवघडले. काकांनी एक हात वेदीपुढच्या कठड्यावर टेकला, जोर दिला, पुन्हा खाली बसले. आणि मग त्यांचा तो कमिटीतला खणखणीत आवाज अख्ख्या चर्चमध्ये घुमला :

"अरे, गुडघे धरले. उठवा हो मला कुणीतरी!"

पुढच्या बाकावर लीलाताई होत्या. त्या उठायच्याही विसरल्या. लग्नाला पंचेचाळीस वर्षं झाली होती, या माणसानं कुणाकडे पाण्याचा पेला मागितलेला त्यांनी ऐकला नव्हता. स्नेहल वळली, खाली वाकली आणि त्यांच्या काखेत हात घालून म्हणाली, "सावकाश काका. घाई नाही."

"घाई कसली?" काका म्हणाले. "एवढं यायलाच सत्तर वर्षं गेली."

तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून, लंगडत लंगडत, ते सगळ्या मंडळीसमोरून आपल्या जागेवर गेले.